शेजाऱ्यांची पुरात बुडालेली मोटार आमच्या फाटकापुढे उभी आहे : काय करावे?

कारेलीबागकर (धागाकर्ता)

नमस्कार. बडोद्यात राहणाऱ्या, आणि विशेषतः 2024 च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर ज्यांनी स्वतः अनुभवला आहे अशा मंडळींचा सल्ला हवा आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आमचे टेनामेंट (स्वतंत्र बैठे घर) कारेलीबागेत आहे. आमच्या घरापुढे रस्ता किंचित उंच आहे. नदीचे पाणी वाढू लागल्याचे समजले त्या संध्याकाळी शेजारच्या मासींनी आपली मोटार आमच्या फाटकालगत आणून ठेवायची परवानगी मागितली आणि आम्ही आनंदाने दिली. पुढे नदी 25 फुटांची धोक्याची रेषा ओलांडून 37 फुटांपर्यंत गेली, तेव्हा तो उंचवटाही कामी आला नाही. दोन्ही घरांच्या गाड्या बुडाल्या. आमची आम्ही दुरुस्त करून घेतली. त्यांची त्या दिवसापासून तिथेच उभी आहे.

मोटारीचा मागचा भाग आमच्या फाटकाच्या साधारण अर्ध्या भागापुढे येतो. आम्हाला स्वतःची गाडी काढताना फार कसरत करावी लागते, आणि आई व्हीलचेअरवर असल्याने तिला डॉक्टरांकडे नेताना खुर्ची रहदारीच्या रस्त्यावरून फिरवून न्यावी लागते. चारही टायर बसले आहेत, डिकीच्या रबराला चीर पडल्याने आत पावसाचे पाणी साठते, आणि मलेरिया विभागाच्या पथकाने डासांच्या अळ्या दाखवून आम्हालाच समज दिली, कारण त्यांच्या दृष्टीने ती गाडी आमच्या दारात आहे.

मासी एकट्या राहतात. काका त्याच वर्षी जानेवारीत वारले आणि मुलगा कॅनडात असतो. विषय काढला की त्या शांतपणे म्हणतात, "दीकरो आवे पछी जोईशुं," म्हणजे मुलगा आला की बघू. मुलगा मध्यंतरी येऊन गेला, पण गाडीचे काही झाले नाही. आमचे संबंध तीस वर्षांचे आहेत आणि ते बिघडू नयेत अशी इच्छा आहे, परंतु गाडी हलली पाहिजे, याबद्दल आता घरात दुमत उरलेले नाही. कायद्याने काय करता येते, आणि कायद्याकडे न जाता काय करता येते, हे दोन्ही कृपया सांगावे.

मांडवीवाला

यात विचार करण्यासारखे फारसे काही नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस अथवा लक्ष न देता सोडलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने उचलून नेता येते, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो. तुमच्याकडे तर दोन पावसाळे उलटले आहेत. एक अर्ज द्या, फोटो जोडा, क्रेन बोलवा आणि मोकळे व्हा. मासींना वाईट वाटेल हे मान्य आहे, परंतु आपल्या आईची खुर्ची रोज रहदारीतून जाते याचे वाईट त्यांनाही वाटायला हवे होते.

प्रतापनगरच्या काकू

मांडवीवाल्या भाऊंचे कलम बरोबर असेल, पण क्रेनने गाडी नेल्यावर पुढे काय होते तेही लिहायला हवे. आमच्या गल्लीतून अशीच एक बंद पडलेली रिक्षा उचलली गेली. नोटीस कागदोपत्री मालकाच्या नावाने आली, आणि तो मालक हयात नव्हता. घरच्यांनी ती घेतली नाही, दंड कुणी भरला नाही, आणि रिक्षा आवारात गंजत पडली. गल्ली मोकळी झाली हे खरे, परंतु त्या घराशी आमचे बोलणे तेव्हापासून बंद आहे.

धागाकर्त्यांना माझा एक प्रश्न आहे. काकांच्या निधनानंतर गाडी मासींच्या नावावर झाली आहे का? माझ्या मते गाडीचा गुंता तिथेच असावा, कारण ज्या बाईला आपण या गाडीच्या मालक आहोत की नाही हेच सांगता येत नाही, ती विकणार काय आणि भंगारात देणार काय?

रावपुऱ्यातील वकील

वरील दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे. मी क्रमाने लिहितो, कारण अशा तक्रारी बहुतेक वेळा चुकीच्या दारावर जातात आणि तिथेच थांबतात.

पहिली गोष्ट रस्त्याची. मोटार वाहन कायद्यातील "सार्वजनिक जागा" म्हणजे जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी जागा. आपला रस्ता टीपी (नगररचना) योजनेतला, महानगरपालिकेच्या ताब्यातला असेल तर वाहतूक पोलीस आणि महानगरपालिका या दोघांनाही अधिकार आहे. सोसायटीच्या आतला खाजगी रस्ता किंवा कॉमन प्लॉट असेल तर वाहतूक पोलीस सहसा हात घालत नाहीत, आणि मग सोसायटीच्या कमिटीने ठराव करून पाऊल उचलावे लागते.

दुसरी गोष्ट फाटकाची, आणि इथे अनेकांचा गैरसमज असतो. आपल्या कुंपणाच्या भिंतीपुढचा सार्वजनिक रस्ता आपला नसतो. तिथे शेजाऱ्याने चालू स्थितीतली गाडी रीतसर उभी केली आणि रहदारीला अडथळा होत नसेल, तर केवळ "आमच्या घरापुढे" एवढ्यावरून तक्रार टिकत नाही. आपण लावलेल्या "नो पार्किंग" पाटीला सार्वजनिक रस्त्यावर कायद्याचे बळ नाही. उलट जागा अडवण्यासाठी दगड, कुंड्या किंवा लोखंडी नळ्या मांडल्या, तर गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 230 खाली तो आपलाच अडथळा ठरतो आणि कलम 231 खाली आयुक्त तो नोटिशीशिवाय काढून टाकू शकतात. फाटकाची बाब मात्र वेगळी आहे. रस्त्याला लागून ज्याची मिळकत आहे त्याला रस्त्यावर येण्या-जाण्याचा हक्क असतो, आणि प्रवेशद्वार अडवून वाहन उभे करू नये हे 1989 च्या रस्ता नियमांतच सांगितलेले होते. पुढे 2017 मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. म्हणून अर्जात "गाडी खूप दिवसांपासून आहे" हे दुसऱ्या ओळीत लिहावे, आणि "फाटकाचा अर्धा भाग अडतो, व्हीलचेअर जात नाही" हे पहिल्या ओळीत.

तिसरी गोष्ट उपायांच्या पायऱ्यांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 प्रमाणे इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा प्रकारे वाहन सार्वजनिक जागी ठेवण्यास मनाई आहे, आणि कलम 127 हा उचलण्याचा अधिकार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली सार्वजनिक मार्गातील अडथळ्यासाठी 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यातून काही झाले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अडथळा हटवण्याचा आदेश मागता येतो. या पायरीपर्यंत फारच थोडी प्रकरणे जातात. आपले जाऊ नये असे मला वाटते, कारण समोर अडवणूक करणारा माणूस दिसत नाही, फक्त अडकलेला माणूस दिसतो.

आणि एक गोष्ट अजिबात करू नये. काच फोडणे, गाडीवर ओरखडे काढणे, रात्री चार मुलांना बोलावून ती न विचारता ढकलून देणे, यांपैकी काहीही केले तर भारतीय न्याय संहितेचे कलम 324, म्हणजे नुकसान करण्याचा गुन्हा, आपल्याच अंगावर येऊ शकते. ज्याच्या बाजूने न्याय आहे त्याने रागाच्या भरात आरोपी होण्यात काही शहाणपण नाही.

कारेलीबागकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रस्ता टीपीचा आहे, महानगरपालिकेचा आहे. आमच्या कुंड्या कुंपणाच्या आत आहेत.

काकूंचा अंदाज अगदी बरोबर निघाला. आज मासींकडे चहाला गेलो असता त्यांनी स्वतःहून फाईल पुढे ठेवली. आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) अजून काकांच्याच नावावर आहे. गाडी 2009 च्या नोव्हेंबरमध्ये नोंदवलेली असल्याने तिची पंधरा वर्षे 2024 च्या नोव्हेंबरमध्ये संपली, आणि एम-परिवहन अ‍ॅपवरही नोंदणीची मुदत संपल्याचे दिसते. पुरानंतर त्यांनी विम्याचा दावा केला होता, पण विमा कंपनीने तो नाकारला. पत्रात लिहिले आहे की विमाधारकाच्या मृत्यूनंतर ठरलेल्या मुदतीत पॉलिसी वारसाच्या नावावर करून घेतलेली नाही. मासींचे म्हणणे असे की गाडी हलवली तर विमा कंपनी म्हणेल की पुरावाच नष्ट केला, म्हणून ती जागची हलवायची नाही असे त्यांना कुणीतरी सांगून ठेवले आहे.

म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याला हट्ट समजत होतो, ती भीती होती. विम्याचे जाणकार कुणी असतील तर यावर कृपया लिहावे.

निवृत्त सर्व्हेअर

मी अनेक वर्षे मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

खाजगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत एक अट असते, जी सहसा कुणी वाचत नाही. एकट्या विमाधारकाचे निधन झाले तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती निधनाच्या तारखेपासून तीन महिने, किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंत चालू राहते. या काळात वारसाने मृत्यूचा दाखला देऊन पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते किंवा नवी घ्यायची असते. काका जानेवारीत गेले आणि पूर ऑगस्टमध्ये आला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कंपनीचे पत्र कुठून आले ते कळते. घरात दुःख असताना पॉलिसीची अट कोण पाहतो हा प्रश्न माणुसकीचा आहे आणि मी त्याच्याशी पूर्णपणे सहमत आहे, परंतु अट तशीच लिहिलेली आहे.

आता "गाडी हलवली तर पुरावा जाईल" या समजुतीबद्दल. दावा दाखल झाल्यानंतर सर्व्हेअरने पाहणी करून फोटो काढले असतील आणि त्याचा अहवाल कंपनीकडे गेला असेल, तर त्यापुढे गाडी त्याच ठिकाणी उभी ठेवण्याने दाव्याला कोणताही आधार मिळत नाही. पुरात बुडालेल्या गाडीची बाब उलट आहे. ती जितकी जास्त दिवस उभी राहते तितकी खराब होते, आणि नंतरच्या बिघाडाची भरपाई कंपनी देत नाही. पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारल्यास इंजिनात पाणी अडून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर हे नुकसान "परिणामी नुकसान" म्हणून नाकारले जाते, हेही या निमित्ताने इतरांनी लक्षात ठेवावे. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह आवरता येत नाही, आणि 2024 च्या पुरानंतर या शहरात असंख्य इंजिने पाण्यापेक्षा त्या मोहाने गेली असे माझे मत आहे.

नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि गुजरातसाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे. मासींनी पत्राची तारीख तपासावी. मात्र त्यांना एक हिशोबही सांगावा. पाच वर्षांहून जुन्या गाडीची घोषित किंमत, म्हणजे पॉलिसीत धरलेली किंमत, कंपनी आणि विमाधारक यांच्या संमतीने ठरते, आणि पंधरा वर्षांच्या मोटारीची ती फारच थोडी असते. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला की गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. म्हणजे दावा जिंकला तरी हाती येणारी जास्तीत जास्त रक्कम ती घोषित किंमतच, आणि तीही वजावटीनंतर. तेवढ्यासाठी दोन पावसाळे गाडी रस्त्यावर ठेवण्यात अर्थ नव्हता, हे त्यांना कुणीतरी विश्वासातल्या माणसाने शांतपणे सांगायला हवे होते. आता ते काम तुमच्याकडे आले आहे असे दिसते.

मांडवीवाला

सर्व्हेअर साहेबांचे विवेचन उत्तम आहे, पण मूळ मुद्दा निसटतो आहे. गाडी मासींची, पॉलिसी मासींची, मुलगा मासींचा, आणि कागदपत्रे जुळवण्याचे काम मात्र धागाकर्त्यांनी करायचे, हा न्याय कुठला? आपल्या समाजात जो माणूस समजूतदार दिसतो त्याच्याच डोक्यावर ओझे दिले जाते. मी अजूनही म्हणतो की अर्ज द्यावा. अर्ज दिल्याशिवाय कॅनडातल्या मुलाला जाग येणार नाही.

रावपुऱ्यातील वकील

मांडवीवाला यांच्या रागात चूक नाही, आणि एक मधला मार्ग आहे. अर्ज तयार करून ठेवावा, त्यावर तारीख घालून त्याची प्रत मुलाला पाठवावी, आणि सोबत कळवावे की अमुक तारखेपर्यंत गाडी निदान आपल्या फाटकापुढे नेली नाही तर हा अर्ज दाखल होईल. मासींना न कळवता पोलिसांत जाणे वेगळे, आणि मुलाला मुदत देऊन, सांगून जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात नाते टिकण्याची शक्यता बरीच असते.

टोरांटोतील बडोदेकर

मी स्वतः त्या "कॅनडातल्या मुलांपैकी" एक आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूने दोन शब्द लिहितो. आमची बेफिकिरी असते हे मान्य, पण पुष्कळदा आम्हाला कुणी नेमके काय हवे ते सांगतच नाही. आई फोनवर म्हणते, "गाडीचे बघायचे आहे," आणि आम्ही "बघू" म्हणतो, कारण काय बघायचे हे दोघांनाही ठाऊक नसते. सुट्टीत आलेल्या माणसाला बँक, दवाखाना, नातेवाईक यांतून आरटीओसाठी दिवस काढायचा तर हातात कागदांची यादी लागते. ती तुम्ही पाठवली तर अर्धे काम होईल.

मुलाला प्रत्यक्ष येण्याची गरजही नसावी. वारस म्हणून त्याची संमती किंवा मुखत्यारपत्र हवे असेल तर ते इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करता येते, किंवा नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार कागद खरा असल्याचा दाखला, घेता येते. कॅनडा 2024 च्या जानेवारीपासून त्या करारात आला आहे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. ही मुदत चुकते आणि मग सगळे पुन्हा करावे लागते.

दर्जीपुऱ्याचा वाटसरू

नावावरून ओळखले असेलच, बडोद्याचे आरटीओ दर्जीपुऱ्याला आहे आणि माझे तिथे वारंवार जाणे होते. मासींच्या गाडीचा विचार केला तर मला दोन वाटा दिसतात.

एक वाट म्हणजे आधी नावावर करून घेणे. मालकाचे निधन झाले तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यायचे असते. मुदत उलटली तरी उशिराच्या शुल्कासह काम होते. सोबत मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि बाकीच्या वारसांचे संमतीपत्र लागते. पण त्यानंतर नोंदणीचे नूतनीकरण करायचे झाले तर शुल्कच 5,000 रुपये आहे, आणि गाडी तपासणीत पास व्हावी लागते. चिखल शिरलेल्या वायरिंगची, पंधरा वर्षांची गाडी पास करण्यासाठी जो खर्च येईल तो गाडीच्या किमतीच्या वर जाईल. ही वाट मी सुचवणार नाही.

दुसरी वाट म्हणजे ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात देणे. 2021 मध्ये यासंबंधीचे केंद्रीय नियम आले. मूळ मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचा पुरावा जोडून वारस गाडी देऊ शकतो, म्हणजे आधी नाव बदलण्याचा फेरा वाचतो. केंद्रवाले गाडीवर कर्जाची नोंद, थकबाकी किंवा पोलिसांकडची नोंद आहे का ते पाहतात, गाडी घेताना जमा प्रमाणपत्र देतात आणि तोडल्यानंतर वेगळे प्रमाणपत्र देतात. त्याच्या आधारे आरसी रद्द होते. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी रद्दीसाठी द्यावी असे मोटार वाहन कायद्याचे कलम 55 आधीपासूनच सांगते, पण ते सहसा कुणी पाळत नाही.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. गल्लीतून फिरणारा भंगारवाला रोख पैसे देऊन त्याच दिवशी गाडी उचलून नेईल, आणि त्या सोयीचा मोह सर्वांनाच होईल. तसे अजिबात करू नये. आरसी काकांच्या नावावर जिवंत राहते, आणि चेसिस क्रमांकाचा तुकडा किंवा नंबरप्लेट दुसऱ्या गाडीवर चढली तर त्या घरच्यांना पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. गाडीला फास्टॅग असेल तर तोही आधी बंद करून घ्यावा.

आरसीच्या पुस्तकावर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का, ते आजच पाहा. कर्ज फिटले तरी ती नोंद तशीच राहिलेली असणे फार सामान्य आहे, आणि ती काढायला बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म 35 लागतो. 2009 च्या गाडीबाबत आणखी एक गंमत होते, ती म्हणजे बँकच उरलेली नसते. उदाहरणार्थ देना आणि विजया या दोन्ही बँका 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, त्यामुळे त्यांच्या जुन्या कर्जाचे पत्र आता तिथे मागावे लागते.

मांजलपूरची सोसायटी

धाग्याच्या विषयाला धरूनच एक छोटा प्रश्न आहे. आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये एका सभासदाने जुनी जीप ताडपत्री घालून ठेवली आहे, आणि नवरात्रीत गरब्याला जागा अपुरी पडते. पोलीस म्हणतात की हा सोसायटीचा प्रश्न आहे. ते बरोबर आहे का?

रावपुऱ्यातील वकील

साधारणतः बरोबर आहे. कॉमन प्लॉट सर्व सभासदांचा असतो, एकाचा नव्हे. सर्वसाधारण सभेत पार्किंगचा ठराव करून त्या सभासदाला लेखी नोटीस द्यावी, आणि तरीही गाडी हलली नाही तर सहकारी कायद्याखालच्या मार्गाने जावे. गरब्याच्या आधी आठ दिवस हा विषय काढू नये, उन्हाळ्यात काढावा. नवरात्रीच्या तोंडावर काढलेला विषय भांडणाचा होतो हा माझा अनुभव आहे.

कारेलीबागकर (धागाकर्ता)

बरेच काही घडले आहे, म्हणून एकत्र लिहितो.

सर्व्हेअर साहेबांचा प्रतिसाद मी मासींना गुजरातीत वाचून दाखवला. पाहणी झाल्यानंतर गाडी हलवल्याने काही बिघडत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला, पण पटले. लोकपालाकडे जाण्याची मुदत उलटून गेली होती. घोषित किमतीचा आकडा पाहिल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या की जाऊ द्या. मुलाशी व्हिडिओवर बोलणे झाले. वकील साहेबांनी सुचवल्याप्रमाणे मी अर्जाची प्रत त्याला पाठवली होती, मात्र सोबत दर्जीपुऱ्याच्या वाटसरूंची यादीही पाठवली, आणि त्याने यादीबद्दल आभार मानले, अर्जाबद्दल काही बोलला नाही. मला वाटते दोन्ही एकत्र गेल्यामुळेच काम झाले. नुसता अर्ज गेला असता तर तो दुखावला असता, आणि नुसती यादी गेली असती तर पुन्हा "बघू" झाले असते.

गाडी भंगार केंद्रात द्यायची असे ठरले आहे. पण तोपर्यंत थांबायला नको म्हणून ती मासींच्या फाटकापुढे नेली. आधी त्यांच्याकडून एका कागदावर संमती घेतली, हलवण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो काढले आणि मुलालाही पाठवले. हलवणे वाटले तितके सोपे नव्हते. हँडब्रेक ओढलेला राहिल्याने मागची चाके गंजून जाम झाली होती आणि टायरमध्ये हवा भरूनही ती फिरेनात. शेवटी गॅरेजवाल्याने जॅक लावून चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवल्या. त्याचे पैसे मासींनी दिले. मी देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत. डिकीतले पाणी काढून वर ताडपत्री बांधली आहे, कारण पाणी साठले की आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो असे मलेरिया विभागाच्या माणसाने बजावले आहे. बॉनेटखाली उंदरांचे घरटे निघाले, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आईची खुर्ची आता फाटकातून सरळ बाहेर येते.

आरसीवर कर्जाची नोंद खरोखरच निघाली. कर्ज काकांच्या हयातीतच फिटले होते, पण नोंद काढलेली नव्हती, आणि बँक 2019 मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झालेली आहे. ना-हरकत पत्रासाठी अर्ज दिला आहे. पेढीनामा झाला आहे.

मांडवीवाला

गाडी हलली हे वाचून आनंद झाला. क्रेन लागली नाही याबद्दल मी थोडा निराश आहे, पण चालेल. एक विचारायचे होते. भंगार केंद्रातून मिळणाऱ्या त्या प्रमाणपत्राचा मासींना काही उपयोग आहे का? त्या तर नवी गाडी घेणार नाहीत.

दर्जीपुऱ्याचा वाटसरू

उपयोग आहे. जमा प्रमाणपत्राच्या आधारे नवी खाजगी गाडी घेताना वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देता येईल अशी तरतूद 2021 मध्येच झाली, आणि राज्ये आपापल्या परीने ती लागू करतात. हे प्रमाणपत्र हस्तांतरित करता येते, म्हणजे मासी ते दुसऱ्या कुणाला देऊ शकतात. धागाकर्ते नवी गाडी घेण्याच्या विचारात असतील तर त्यांनी मासींना विचारून पाहावे, आणि व्यवहार झाला तर तो लेखी करावा.

कारेलीबागकर (धागाकर्ता)

आमची गाडी अजून चांगली चालते, पण माझा भाचा या वर्षी घेणार आहे. मासींच्या कानावर घातले आहे. बँकेचे पत्र आले की भंगार केंद्राची तारीख घेऊ, आणि तिथे आणखी काही कागद मागितले तर इथेच लिहीन.